खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी. आयर्लंडमधलं कासलबार, आमच्या घरातली मागची छोटी खोली.

हजर: मी; नवरा, हॉस्पिटलातून रात्रपाळी करून नुकताच आलेला, म्हणून अर्धाच हजर; सासूबाई, इचलकरंजीहून आमच्याकडे राहायला आलेल्या; मुलगी, शाळेच्या गणवेशात, एक पाय दाराबाहेर. शिवाय भरतकामाचं मशीन आणि लॅपटॉप. त्या दोघांनाही हजेरीत धरते, कारण त्या दिवशीची सगळी धाकधूक त्यांच्यापायी होती.

आधी कामाचं सांगते. नवऱ्याला इथे नर्सची नोकरी लागली आणि मी त्याच्या मागून आले. घर लावलं, मुलीची शाळा लावली, मग लावायला काही उरलं नाही. पुण्यात मी कपड्यांच्या कारखान्यात नमुने करून घ्यायच्या विभागात होते. त्या जोरावर इथे एक भरतकामाचं मशीन घेतलं आणि मागच्या खोलीत धंदा सुरू केला. शाळेच्या स्वेटरवर बोधचिन्ह, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या फ्रॉकवर वेल, बाप्तिस्म्याच्या झबल्यावर बाळाचं नाव, आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्या बायकांच्या ब्लाउजवर मोर. या गावात माझ्या नावावर चालणारी ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं नवऱ्याच्या नाहीतर मुलीच्या नावावर चालतं.

कापडावर मशीन भरतं, पण त्याला काय भरायचं हे संगणकावर ठरतं. सुई कुठून निघणार, टाके कुठल्या दिशेनं जाणार, धागा कुठे तुटणार, हे आधी बसून मांडावं लागतं. आमच्या धंद्यात त्याला पंचिंग म्हणतात. माझा पंचिंगचा प्रोग्रॅम इचलकरंजीतल्या एका दुकानदाराकडून घेतलेला. त्याच्याबरोबर पेन ड्राइव्हसारखी एक किल्ली मिळाली. ती लॅपटॉपला लावायची, तिच्यातला निळा दिवा लागला की प्रोग्रॅम उघडतो. दिवा नाही लागला तर नाही उघडत. आणि त्यात केलेली डिझाईनं दुसरीकडे कुठेही उघडत नाहीत. माझं इथलं सगळं काम त्या दिव्यावर अवलंबून.

उन्हाळ्यापासून लॅपटॉप मला सांगत होता, जुन्या सिस्टीमची देखभाल ऑक्टोबरात थांबणार, नवी घ्या, पैसे पडणार नाहीत. कामाच्या मध्येच पडदाभर खिडकी यायची. मी 'नंतर' दाबायचे आणि दोन दिवस अस्वस्थ असायचे. मी याद्या करणारी बाई आहे. कागदाच्या मध्ये रेघ ओढून एकीकडे 'घ्यावी' लिहिलं, दुसरीकडे 'घेऊ नये'. 'घ्यावी'खाली भरपूर जमलं: बँक याच लॅपटॉपवर, गिऱ्हाइकांचे फोन आणि पत्ते याच्यावर, बिलं याच्यावर, दुरुस्त्या येणं थांबलं की चोराला वाट मोकळी. 'घेऊ नये'खाली एकच शब्द होता, किल्ली. तो कागद मी कितीदा बघितला तरी दोन्ही बाजू सारख्याच जड वाटायच्या.

दुकानदाराला फोन केले, उचलला नाही. मेसेज केला, त्यानं वाचल्याच्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही.

"अगं, एवढी माणसं करतात," नवरा म्हणायचा, "कुणाला काही होत नाही."

"एवढ्या माणसांकडे किल्ली नाहीये."

"मग नको करू."

"आणि बँकेचं काय?"

"मग कर."

पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून बोलून त्याचा हा सूर झालाय. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि हातात काही पडत नाही. एका रविवारी त्यानं मला न विचारता ती नवी सिस्टीम लॅपटॉपवर उतरवून ठेवली. "लावलेली नाही, नुसती आणून ठेवलीय. लावायची का ते तू ठरव." त्या दिवसापासून मी लॅपटॉप पूर्ण बंद करायचंच सोडून दिलं. बंद केला की तो विचारणार, लावू का? म्हणून काम संपलं की नुसतं झाकण मिटायचे, तान्हं बाळ निजलेल्या खोलीचं दार लावावं तसं, आवाज न करता.

त्यातच क्लबची ऑर्डर आली. मुलगी कमोगी खेळते. काठीनं चेंडू मारायचा हा इथला मुलींचा खेळ, त्या काठीला हर्ली म्हणतात. तिच्या क्लबच्या सगळ्या मुलींना जॅकेटं हवी होती, पाठीवर क्लबचं चिन्ह, छातीवर जिचं तिचं नाव. शनिवारी अंतिम सामना, त्याच्या आधी हवीत. क्लबची मोठी बाई, म्हणजे मुलींची प्रशिक्षक, म्हणाली होती की ही चांगली झाली तर मोठ्या बायकांच्या संघाचीही तुझ्याकडेच देऊ. पाठीवरची चिन्हं भरून झाली होती. नावांची यादी मात्र उशिरा आली, ती सगळी पंच करायची बाकी होती. बुधवारी पूजा उरकून बसायचं आणि शुक्रवारपर्यंत संपवायचं, असं मी मांडलं होतं.

सासूबाईंनी माझ्या मांडणीतला बुधवारच काढून घेतला.

त्यांच्या घरी यंत्रमाग होते. खंडेनवमीला माग थांबवायचे, पुसायचे, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. हे त्यांना इतकं पक्कं माहीत होतं की मला आधी सांगायची गरजही वाटली नव्हती. सकाळी सातलाच त्यांनी माझं टेबल पुसून काढलं. मशीन मधोमध, पुढे कात्र्या, टेप, बॉबिनचा डबा, नवऱ्याचा स्टेथोस्कोप, मुलीची हर्ली आणि लॅपटॉप.

"आज्जी, आय नीड दॅट आफ्टर स्कूल!" मुलगी दारातून ओरडली.

"काय म्हंती?"

"शाळेनंतर खेळायला काठी लागेल म्हणते."

"उद्या. आज तिचीबी सुट्टी."

"इट्स अ स्टिक, आज्जी!"

एवढं सासूबाईंना कळलं. "आमच्या मागाचा धोटाबी लाकूडच हुतं. त्येच्यावर तुझा बाप शिकला."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले, ती गेली. क्लबमध्ये जादाच्या काठ्या असतात.

मग त्यांची नजर लॅपटॉपकडे गेली. "हे नुसतं मिटलंय. बंद न्हाई झालं. बघ, दिवा लुकलुकतोय."

"आई, ते झोपलंय."

"झोपलेल्याला कुंकू लावत्यात व्हय? पुरतं बंद कर. यंत्र थांबल्याबिगर पूजा न्हाई."

मी तेव्हा स्वयंपाकघराकडे धावत होते, शिऱ्याचा वास जरा जास्तच खमंग यायला लागला होता. जाता जाता नवऱ्याला म्हणाले, "तेवढा लॅपटॉप बंद कर रे." शिरा वाचवला, वाटी भरली, परत आले. टेबलापुढे रांगोळीची चार बोटं ओढून झाली होती, निरांजन लागलं होतं, लॅपटॉपच्या मिटलेल्या झाकणावर शेवंतीची फुलं. सासूबाईंनी त्याला हळदीचं बोट टेकवलं आणि मागे घेतलं.

"अगं, हे तापलंय की."

मी हात लावला. गरम होतं, आणि आतला पंखा घरघरत होता. झाकण उघडलं तशी फुलं टेबलावर पडली. पडद्यावर गोल फिरत होता. खाली लिहिलेलं, काम चालू आहे, संगणक बंद करू नका. आणि टक्के. बारा.

"कुठलं बटण दाबलंस?"

"बंद करायचं," नवरा म्हणाला.

"त्यात दोन असतात. एक नुसतं बंद करायचं, एक नवी सिस्टीम लावून बंद करायचं."

"वरचं दाबलं."

"वरचं कशाला?"

"वर होतं म्हणून."

त्याला झोप आली होती, खोटं बोलण्याइतकीही शुद्ध नव्हती. तरी मी म्हणालेच, "तुझ्या मनासारखं झालं एकदाचं." मी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात लॅपटॉपच्या कडेकडे लक्ष गेलं. लॅपटॉपला वायर नव्हती.

"आई, याची वायर?"

"निरांजनाजवळ वायर नगं म्हणून काढली. त्या प्रेसात ठिवलीय."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हा शब्द त्यांनी आल्या आल्या उचलला होता. मी प्रेस उघडून वायर घेतली. या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी आहे, एक चहा पिऊन होईपर्यंत टिकते. सिस्टीम लागत असताना मध्येच वीज गेली तर नवीही हाती लागत नाही आणि जुनीही राहत नाही, हे मी त्या उन्हाळ्यात पुरेसं वाचलं होतं. वायर लावायची म्हणजे टेबल ओढायला हवं होतं, प्लग त्याच्या मागे. टेबलावर पूजा, पुढे रांगोळी. सासूबाईंच्या घरात मांडलेली पूजा हलवत नाहीत.

मी वायर हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वायरीकडे.

"त्येला कायतरी हुतंय का?"

"वीज संपली तर मरेल, आई. माझं सगळं त्यात आहे."

त्यांनी निरांजन उचलून हातात धरलं. "टेबल हलवू नगंस. खालनं जा. आन् तू," हे नवऱ्याला, "उभा काय ऱ्हायलास? तिची साडी न्हाई, पाय तरी धर, रांगोळीत जातील."

मी ट्राउझर्सवर होते. टेबलाखाली पालथी पडून सरकले, नवऱ्यानं खरंच माझे घोटे धरून ठेवले, आणि मी हात लांब करून प्लग खुपसला. वर सासूबाई निरांजन धरून होत्या. "आला का दिवा?" "आला!" नवरा ओरडला. मी बाहेर आले तेव्हा बाहीला धूळ आणि गुडघ्याला रांगोळी. टक्के चौदा.

आरती त्या टक्क्यांसमोरच झाली. मध्येच पडदा काळा झाला आणि सगळं आपोआप परत सुरू झालं. सासूबाईंनी टाळ्या थांबवून पुन्हा एक नमस्कार घातला.

दिवस कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. नवरा झोपला. मी मशीनला हात लावू शकत नव्हते, म्हणून यादी करत बसले. किल्ली चालली नाही तर काय काय करता येईल? कॉर्क शहरात एक ओळखीची आहे, ती टी-शर्टवर नावं छापून देते. पण छापलेलं आणि भरलेलं यातला फरक आंधळ्यालाही हात लावून कळेल, शिवाय जॅकेटं कॉर्कला जाऊन शनिवारच्या आत परत येणार नाहीत. नवा प्रोग्रॅम विकत घेता येईल, पण तो शिकायला महिना जाईल, आणि जुनी डिझाईनं त्यात उघडणार नाहीत ती नाहीतच. प्रत्येक उपायासमोर मी फुली मारत गेले. शेवटी कागदावर फुल्याच उरल्या.

संध्याकाळी नवी सिस्टीम लागून झाली. पासवर्डची चौकट आली, मागे कुठल्या तरी डोंगराचं चित्र. सासूबाई त्यांच्या खोलीत टेकल्या होत्या. किल्ली खणातून काढून मी हातात धरली. लावली असती तर एका मिनिटात कळलं असतं. नाही लावली. त्याला भक्ती म्हणता येणार नाही. उत्तर वाईट निघालं तर फोन कुणाला करणार, भारतात मध्यरात्र होत आली होती. किल्ली खणात टाकली आणि झाकण मिटलं.

गुरुवार, दसरा. पूजा झाली, सासूबाईंनी स्वतः फुलं बाजूला काढली आणि म्हणाल्या, "हं. लाव."

किल्ली लावली. दिवा लागला नाही. दुसऱ्या भोकात लावली. नाही. प्रोग्रॅम उघडून पाहिला, त्यानं सांगितलं, किल्ली सापडत नाही. किल्ली माझ्या डोळ्यांसमोर होती.

नवऱ्याच्या फोनवरून दुकानदाराला लावला. अनोळखी नंबर, लगेच उचलला.

"दादा, मी आयर्लंडहून बोलतेय."

"बोला ताई, बोला! दसऱ्याच्या शुभेच्छा! किती किलोवॉटचं पाहिजे?"

"काय?"

"सोलर. आता आपण छतावरचं सोलर करतो ना."

"दादा, इथे ऊनच नसतं. मला तुमच्या पंचिंगच्या किल्लीचं विचारायचंय."

"आयला, ती किल्ली! अजून चालतीय?"

"परवापर्यंत चालत होती."

मी काय झालं ते सांगितलं. त्यानं मध्येच सुस्कारा सोडला. "नव्यावर नाही चालत ती, ताई. बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला."

"तुमच्याकडे जुनं काही असेल, एखादी फाइल, काहीही."

"दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बघायला लागेल. पण तो पूजेत बसवलाय हो. आज हात नाही लावत. उद्या बघतो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला सुनावलं असतं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपच्या झाकणावर हळदीचं बोट होतं.

"ताई, एक करा," तोच म्हणाला. "मागं जाता येतं. नवी लावल्यावर काही दिवस जुनीवर परत जायची सोय असते, सेटिंगमध्ये बघा. पण आधीच सांगतो, मागं गेल्यावर किल्लीनं ओळख दाखवली नाही तर माझ्याकडे इलाज नाही."

फोन ठेवून मी सेटिंग शोधलं. होतं. माघारी जाण्याचं बटण, शांतपणे एका कोपऱ्यात. त्याच्याआधी डिझाईनच्या सगळ्या फाइली मी दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. उघडता येणार नसल्या तरी हरवू नयेत.

आता नवराच कचरायला लागला. "राहू दे ना आहे तसं. आणखी काही बिघडलं म्हणजे?"

"आहे तसं चालतच नाहीये."

"अगं पण निदान लॅपटॉप तरी चालू आहे."

"चालू लॅपटॉप घेऊन मी काय करू? फोटो बघू?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना विषय कितपत कळला कोण जाणे, पण 'माघारी' शब्द कळला. "दसऱ्याला शीव वलांडून म्होरं जायचं असतंय. तू माघारी निघालीस व्हय?"

"माझं काम माघारीच राहिलंय, आई."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग जा. घिऊन ये."

बटण दाबलं. त्यानं विचारलं, तुम्ही का परत जात आहात? खाली कारणांची यादी. मी ती सवयीनं पूर्ण वाचली. माझं कारण त्यात नव्हतं. 'इतर' निवडलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? मग पडदा काळा झाला, गोल फिरायला लागला, आणि या वेळी टक्के दिसत नव्हते. वायर लावलेली आहे ना, हे मी तीनदा वाकून पाहिलं. नवरा चहा घेऊन आला आणि माझ्याशेजारी बॉबिनच्या डब्यावर बसला. डबा वाकला.

जुना पडदा आला. माझी चिन्हं माझ्या जागी होती. मी किल्ली लावली. आधी काहीच झालं नाही, आणि मग दिवा लागला. निळा.

"लागला," नवरा म्हणाला, हळू आवाजात, जणू मोठ्यानं बोललं तर विझेल. सासूबाई स्वयंपाकघरातून साखर घेऊन आल्या, चिमूटभर माझ्या तोंडात घातली आणि चिमूटभर किल्लीसमोर ठेवली. ती मी लगेच पुसून काढली. मुंग्या नसतात इथे, पण तरी.

पहिलं काम इंटरनेट बंद करायचं. कुणी काही आणून ठेवायला नको आणि कुणी आत शिरायला नको. बँक त्याच दिवशी नवऱ्याच्या लॅपटॉपवर नेली, गिऱ्हाइकांचे पत्ते फोनमध्ये. मग नावं पंच करायला बसले. गुरुवार आणि शुक्रवार मशीन थांबलं नाही. सासूबाई शेजारी बसून उरलेले धागे कापत होत्या आणि प्रत्येक नाव बोटानं चाचपून विचारत होत्या, "ही कुणाची?" मला उच्चार येत होते तेवढे सांगितले.

शनिवारी सकाळी क्लबची बाई जॅकेटं न्यायला आली. तिनं एक उचललं, नावावरून अंगठा फिरवला, मग आतून उलटं करून पाहिलं, मागचे धागे कसे आहेत ते. "ग्रँड," म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे उत्तमही असतं आणि ठीकठाकही, आणि नको असेल तेव्हाही माणसं ग्रँडच म्हणतात. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती जॅकेटं गाडीत ठेवून परत आली आणि विचारलं, मोठ्या संघाची नाताळनंतर जमतील ना?

जमतील, म्हणाले. आत येऊन दार लावलं आणि किल्लीचा दिवा पुन्हा एकदा लावून बघितला, कारण नाताळनंतर ही किल्ली चालेल का, हे मला माहीत नव्हतं.

दुकानदाराचा मेसेज आला, उद्या म्हणालेला तो आठवड्यानं: जुन्या कॉम्प्युटरवर काही मिळालं नाही, जपून वापरा. जपूनच वापरते. रोज सकाळी किल्ली लावते आणि दिवा लागेपर्यंत श्वास घेत नाही. देखभाल थांबलेली सिस्टीम, बंद पडलेल्या कंपनीचा प्रोग्रॅम आणि चहाएवढी बॅटरी, या तिघांवर माझा धंदा उभा आहे. नवरा आता विषय काढत नाही. सासूबाई परत गेल्या, तरी फोनवर आधी विचारतात, "दिवा लागतोय का?" आणि मग आमची खुशाली.

काय करायला हवं ते मला माहीत आहे. प्रोग्रॅम चालतोय तोवर एकेक डिझाईन उघडायचं आणि कुठल्याही मशीनला कळेल अशा साध्या फाइलीत काढून ठेवायचं. मग नवी सिस्टीम घ्या, नवा लॅपटॉप घ्या, कशाचीच भीती नाही. अवघड काही नाही, नुसतं बसायला हवं. पण बसले की कुणाचं तरी झबलं शुक्रवारपर्यंत हवं असतं, आणि दिवा लागलेला असताना आधी ते करून घ्यावंसं वाटतं.

मोठ्या संघाच्या नावांची यादी काल आली. डिझाईनं बाहेर काढायची आहेत. अजून एकही काढलेलं नाही.